मावशीच्या खाज्यांचे पैसे गेले कुठे

लिहायचं लिहायचं म्हणून जानेवारीपासून राहिलंय. सीझनमध्ये आमच्या हॉटेलात मान वर करायला मिळत नाही, आता पाऊस लागलाय, बीचवरचे शॅक उतरवून झालेत, रिसेप्शनवर मी आणि एक मांजर एवढेच, म्हणून बसलो टाइप करायला.

तर इथे गोव्यात म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत आमची मावशी दरवर्षी खाज्यांचं दुकान लावते. खाजे, चण्याचे लाडू, काडयो-बोडयो, सगळं घरी केलेलं, आल्याचा वास चार दुकानांपलीकडे जातो. दुकान म्हणजे काय, चार बांबू, वर ताडपत्री, आणि एका बांबूला सुतळीने बांधलेला क्यूआरचा बोर्ड. खातं माझ्या मावसभावाचं. तो वेर्ण्याला कंपनीत, तिथे शिफ्ट सुटेपर्यंत फोन लॉकरमध्ये. मावशीकडे तो बोलणारा डबा पण आहे, अमुक रुपये मिळाले म्हणून सांगणारा, पण जत्रेत एका बाजूला आकाशपाळणा आणि दुसऱ्या बाजूला हर माल वाल्याचा भोंगा, त्यात तो डबा ओरडला काय नि गप्प बसला काय. गिऱ्हाईक फोन पुढे करून हिरवी खूण दाखवतं, मावशी मान हलवते, पुडी बांधते, पुढचा.

जत्रेच्या तिसऱ्या दिवशी रात्री मावसभावाचा मला फोन, आईला बरं नाय का रे, आज दुकान लावलं नाय वाटतं. मी म्हटलं मी आत्ताच तिथून आलो, पाय ठेवायला जागा नव्हती. तो म्हणाला मग खात्यात सकाळपासून एक रुपया आलेला नाही.

मी परत गेलो बाइक काढून. बोर्ड होता तिथेच होता, सुतळी तीच. टॉर्च मारून जवळून बघितलं तर मधला चौकोन जरा फुगल्यासारखा, नखाने कोपरा उचलला तर वरचा स्टिकर सुटून आला आणि खाली आमचा कोड. रात्री ताडपत्री ओढून सगळी घरी जातात, बोर्ड बाहेरच असतो, कोणीतरी येऊन मापात कापलेला स्टिकर लावून गेला, दोन मिनिटांचं काम. खाज्याला हात नाही, गल्ल्याला हात नाही. दिवसभराचे मिळून साडेसात हजाराच्या आसपास, कारण हल्ली शंभराची नोट फार कमी लोक काढतात.

सगळ्यात चुटपुट लागली ती वेगळीच. दुपारी एका बाईने विचारलं होतं म्हणे, मावशे, हें नांव तुजेंच न्ही गो? मावशीला इंग्रजी वाचता येत नाही, हात गुळाने माखलेले, समोर आठ माणसं. ती म्हणाली हय हय. झालं.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला विचारलं, तू कॉम्प्युटरवर बसतोस ना रे दिवसभर, तुला तरी बघून कळलं असतं का? मी दोन्ही चौकोन शेजारी शेजारी धरून बघितले. नाही कळलं. कळणारच नाही, कारण तो चौकोन माणसाने वाचायसाठी केलेलाच नाहीये.

हे मला आधी ठाऊक नव्हतं, यानंतर वाचत गेलो तेव्हा कळलं. साधा उभ्या रेघांचा बारकोड जुना, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावात २६ जून १९७४ ला पहिल्यांदा दुकानाच्या काउंटरवर स्कॅन झाला, वस्तू होती च्युइंगगमचं पाकीट. त्या रेघांत असतो नुसता नंबर. आपल्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावर ८९० ने सुरू होणारा असतो ना तो (८९० म्हणजे भारतात बनलेलं असं लोक समजतात, तसं नाही, कंपनीने नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला एवढाच त्याचा अर्थ). नंबर स्कॅन करून फोनला काय होणार, काही नाही. क्यूआर १९९४ चा, जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा नावाच्या इंजिनियरने गाड्यांचे पार्ट मोजायला केला, आणि त्यात नंबरच काय, चार हजारांवर इंग्रजी अक्षरं बसतात. म्हणजे अख्खी लिंक, अख्खा मेसेज, वायफायचा पासवर्ड, काहीही.

आता बघा, कारखान्यात स्टिकर लावणारा आणि वाचणारा एकाच कंपनीचा. तिथे काळजी कसली, तर तेल सांडेल, ओरखडा पडेल. म्हणून त्यांनी त्याची भारी सोय केली, सगळ्यात वरच्या लेव्हलला कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पण हा कोड लिहिला कोणी, याची सोय त्यात नाहीच. फाटलेला कोड फोन जुळवून घेतो, खोटा कोड मात्र त्याला खऱ्यासारखाच दिसतो. ती सोय ज्याला हवी त्याने आपली वेगळी करायची, आधार कार्डावरच्या क्यूआरमध्ये केलीय तशी, त्यात डिजिटल सही असते आणि आत फेरफार केला की तपासणारं ॲप सांगतं. मावशीच्या बांबूवरच्या बोर्डाला सही कुठची.

यूपीआयच्या क्यूआरमध्ये काय असतं ते मी एका साध्या, नुसतं अक्षर दाखवणाऱ्या स्कॅनरने बघितलं. एक ओळ असते, त्यात पैसे कुणाच्या आयडीवर जायचे ते, मग नाव, कधी कधी रक्कम, मग आयएनआर, म्हणजे रुपये. गंमत अशी की ते ओळीतलं नाव कोड बनवणारा वाटेल ते लिहू शकतो. मी लिहिलं तर बोडगेश्वर देवस्थान पण लिहीन. म्हणून तर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सगळ्या ॲपना सांगितलं की पैसे पाठवायच्या आधी बँकेत नोंदलेलं नाव दाखवा, २०२५ च्या जूनअखेरची मुदत होती त्याला. म्हणजे पिन टाकायच्या आधी जे नाव स्क्रीनवर येतं ते आता बँकेतून येतं, कोडमधून नाही. मावशीच्या गिऱ्हाइकांना पण आलं असणार. पण दिल्लीहून आलेल्या माणसाला काय माहीत की हिच्या मुलाचं नाव काय. त्याला वाटणार असेल कोणीतरी.

हे फक्त आमच्याकडे झालं असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला असंच झालं होतं, रात्रीत येऊन दुकानांवरचे कोड बदलले, सीसीटीव्हीत दिसले म्हणून कळलं. अमेरिकेत ऑस्टिन शहरात २०२२ च्या जानेवारीत पार्किंगच्या २९ मशीनवर खोटे क्यूआर चिकटवलेले सापडले, आणि कहर म्हणजे तिथली पालिका पार्किंगसाठी क्यूआर वापरतच नव्हती. पणजीत अठरा जून रस्त्यावर उद्या कोणी खांबावर पार्किंगचा कोड चिकटवला तर आपण तरी विचारणार आहोत का कोणाला? गाडी लावायला जागा मिळाली याच आनंदात स्कॅन मारू.

आमच्या हाउसकीपिंगच्या मुलाचा किस्सा तर याच्या उलट. त्याने जुना फ्रीज विकायला ऑनलाइन टाकला, लगेच फोन, मी मिलिटरीत आहे, बघायला येत नाही, पैसे आधी पाठवतो, व्हॉट्सॲपवर कोड पाठवलाय तो स्कॅन कर आणि पिन मार म्हणजे तुझ्या खात्यात येतील. ह्याने मारला. आठ हजार गेले. परत फोन केला तर समोरचा म्हणतो चुकून झालं, दुसरा कोड पाठवतो, त्यातून रिफंड येईल, आणि हा दुसरा पण मारायला निघाला होता, मी होतो म्हणून हात धरला. अरे बाबा, पैसे यायला काहीच करावं लागत नाही, ना स्कॅन ना पिन, पिन म्हणजे पैसे जायचा दरवाजा. हे मी त्याला सांगितलं, तो म्हणाला मला माहीत होतं, पण तो साहेब एवढा घाई करत होता. हे खरं आहे. माहीत सगळ्यांना असतं.

पैसे सोडले तरी बाकी प्रकार काय काय आहेत ते वाचून मला दोन दिवस झोप नव्हती, जरा जास्तच वाचलं मी. २०११ मध्ये रशियात क्यूआर स्कॅन केला की चॅटिंगचं ॲप उतरायचं आणि ते गुपचूप महागड्या नंबरवर एसएमएस पाठवायचं. २०१२ मध्ये अर्जेंटिनाच्या एका कॉन्फरन्समध्ये रविशंकर बोरगावकर नावाच्या संशोधकाने दाखवलं की काही सॅमसंग फोनवर नुसती एक लिंक उघडली की फोन सगळा पुसून कोरा होतो, आणि ती लिंक क्यूआरमधून पण देता येते. (आडनाव वाचून मी उगाच खूश झालो.) आपण स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून फोनचा आयएमईआय नंबर बघतो ना, त्याच जातीचा एक कोड, फोन तो न विचारता स्वतःच डायल करायचा. ते भोक कधीच बुजवलंय, आता जुनी गोष्ट झाली. पण मुद्दा कळतो ना, चौकोन बिचारा काही करत नाही, तो नुसता कागद. फोन तो वाचून पुढे किती उत्साहाने कामाला लागतो त्यावर सगळं आहे.

आणि कधी वाचणाराच फितूर असतो. गूगल प्लेवर एक बारकोड स्कॅनरचं ॲप होतं, एक कोटीवर डाउनलोड, वर्षानुवर्षं लोकांच्या फोनवर नीट चालत होतं. डिसेंबर २०२० मध्ये एक अपडेट आलं आणि त्यानंतर लोकांच्या फोनवर आपोआप ब्राउझर उघडून जाहिराती यायला लागल्या, लोकांना वाटलं दुसऱ्याच कुठल्यातरी ॲपमुळे होतंय. मालवेअरबाइट्स या सायबर सुरक्षेच्या कंपनीवाल्यांनी शोधून काढलं, मग गूगलने काढून टाकलं, पण स्टोअरवरून काढलं म्हणून आपल्या फोनमधून थोडंच जातं. हल्ली कॅमेऱ्यातच स्कॅनर असतो, वेगळं ॲप कशाला पाहिजे? माझ्या भावोजींच्या फोनवर तीन सापडली. एकाचं आयकॉन छान होतं म्हणून घेतलं म्हणे.

कॅमेरा पण अगदी देवमाणूस आहे असं नाही. २०१८ मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यात चूक सापडली होती, कोड स्कॅन केला की वर दाखवायचा फेसबुक उघडू का आणि उघडायची भलतीच साइट. सुधारली ती. तरी एरवी ती जी छोटीशी लिंक वर येते ती वाचायची सवय मी लावून घेतलीय, आणि उजवीकडून वाचायची. सुरुवातीला बँकेचं नाव असेल पण पहिल्या एकट्या स्लॅशच्या अगोदर शेवटी भलतंच काही असेल तर ती बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या वेबसाइटच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे निदान बँकांचं ओळखणं आता सोपं व्हायला हवं.

आता माझ्या धंद्यातलं. गेस्ट रूम सोडून गेले की कचऱ्याच्या डब्यात हमखास काय सापडतं? बोर्डिंग पास. मोपाचा किंवा दाबोळीचा, फाडलेला पण नसतो. आणि गोव्यात उतरल्या उतरल्या पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि मागे नारळाचं झाड असा फोटो इन्स्टावर टाकायचा हा तर संस्कारच झालाय. त्या पासवर जो आडवा, बारीक ठिपक्यांचा बारकोड असतो त्यात नाव, बुकिंगचा पीएनआर, फ्लाइट, सीट, असलाच तर फ्रिक्वेंट फ्लायर नंबर, सगळं उघडं लिहिलेलं असतं, कुलूप वगैरे काही नाही, कुठल्याही फोनने वाचता येतं. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच एअरलाइनच्या साइटवर बुकिंग उघडतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये असाच फोटो टाकला, त्यावर छापलेल्या बुकिंग नंबरवरून एका हॅकरने एअरलाइनच्या साइटवर जाऊन त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर काढला. बरा माणूस होता, त्याने ते सरकारला आणि कंपनीला कळवलं. मी आमच्या मुलांना सांगून ठेवलंय, रूममध्ये बोर्डिंग पास मिळाला की चार तुकडे करून टाकायचे. मॅनेजर हसतो मला.

काउंटरवर वायफायचा क्यूआर ठेवलाय आम्ही, त्यात पण पासवर्ड उघडाच असतो, अक्षर दाखवणाऱ्या स्कॅनरने धरा की समोर. तो प्रश्न आम्ही गेस्टचं वायफाय आणि ऑफिसचं वायफाय वेगळं करून सोडवला, आधी दोन्ही एकच होतं, बिलाचा कॉम्प्युटर पण त्यावरच, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

व्हॉट्सॲपचं मात्र सांगतो, कारण ते घरोघरी होऊ शकतं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडताना जो क्यूआर येतो तो स्कॅन करणं म्हणजे आपल्या खात्याची दुसरी चावी करून देणं. कोणी सांगितलं की ग्रुपला ॲड व्हायला, लकी ड्रॉला, मतदान करायला हा कोड लिंक्ड डिव्हाइसमध्ये जाऊन स्कॅन कर, तर समोरचा तुमचे मेसेज त्याच्या टेबलावर बसून वाचणार, आणि तुमचा फोन नेहमीसारखाच चालणार, काही कळणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या लोकांनी सांगितलं की रशियाच्या बाजूचे हॅकर युक्रेनच्या सैनिकांची सिग्नलवरची खाती असेच कोड पाठवून जोडून घेत होते. सिग्नल, म्हणजे मेसेजचं सगळ्यात सुरक्षित ॲप म्हणतात ते. कुलूप मजबूतच होतं, चावी मालकानेच दिली. मी घरी सगळ्यांचे फोन घेऊन लिंक्ड डिव्हाइसची यादी बघितली, वडिलांच्या फोनवर एक क्रोम निघालं, कोणाचं म्हणून केवढा गोंधळ, शेवटी ते माझंच होतं, मीच त्यांचं पेन्शनचं पीडीएफ प्रिंट करायला दोन वर्षांपूर्वी जोडलेलं.

मावशीचं पुढे काय झालं? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला, मग वेबसाइटवर तक्रार टाकली, रायबंदरला सायबर पोलिसांकडे जाऊन स्टिकर दिला. तो स्टिकर मी फाडून टाकणार होतो रागाने, बरं झालं नाही फाडला, कारण त्यातच तो आयडी होता. अडचण अशी की पैसे मावशीचे गेलेच नव्हते, कागदोपत्री ते गिऱ्हाइकांनी स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून पाठवले होते, आणि ती गिऱ्हाइकं आता कुठे पुण्याला, कुठे बेळगावला. हे समजावून सांगण्यातच अर्धा तास गेला, पण त्यांनी ऐकून घेतलं. खातं कुठल्यातरी लांबच्या राज्यातलं, भलत्याच गरीब माणसाच्या नावावर उघडलेलं निघालं, ते गोठवलं एवढं कळलंय. साडेसात हजार अजून तिकडेच आहेत.

मावशी आधी म्हणाली आता कॅशच घेणार. दोन जत्रा घेतली, सुट्टे कोणाकडे नाहीत, पन्नासाच्या खाज्याला पाचशेची नोट, शेवटी परत बोर्ड आला. पण आता बोर्ड बांबूवर नाही, काडयो-बोडयोच्या बरणीच्या आत, काचेला आतून चिकटवलाय, वरून कोणी काही लावलं तर बरणी पुसताना हाताला लागतं, आणि रात्री बरणी घरी येते. डबा मांडीवर, पदराखाली, तो बोलला की तिला ऐकू येण्याआधी थरथर कळते.

आणि शिरगावच्या जत्रेत मी स्वतः बघितलं, कोणी फोन पुढे केला की ती हिरवी खूण बघतच नाही. पिन मारायच्या आधी म्हणते, नाव वाच. मोठ्याने वाच. परवा एक पंजाबी पोरगा होता, त्याने माझ्या मावसभावाच्या नावाचा आणि आडनावाचा पार भुगा केला, ती म्हणाली परत. त्याने परत वाचलं. तिसऱ्यांदा तिनेच नीट म्हणून दाखवलं, त्याच्याकडून म्हणवून घेतलं, आणि मग पुडी दिली.